मामींनी लावलेलं झाकण

अख्ख्या जर्मनीत डब्याचं झाकण उघडण्याआधी त्यावर टकटक करणारा माणूस एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. ही टकटक साधीसुधी नसते. आधी बोटाच्या पेराने हलकेच वाजवायचं, मग मान किंचित तिरकी करून थांबायचं, आणि आतून कोणी ‘या’ म्हटल्यासारखा चेहरा झाला की मगच झाकणाला हात लावायचा. मामा हे बिस्किटांच्या डब्याला करतात, शेंगदाण्यांच्या बरणीला करतात, आणि एकदा ड्युसेलडॉर्फच्या ट्राममध्ये शेजारच्या बाईंच्या मांडीवरच्या केकच्या खोक्यालाही करणार होते, मी वेळीच हात धरला म्हणून निभावलं. मी त्यांना एकदा धीर करून विचारलं होतं, की मामा, डब्यात असतं तरी कोण? त्यावर ते म्हणाले, "बहुतेक वेळा कोणीच नसतं हो, जावईबापू. पण न विचारता आत घुसायला आपण काय पोलीस आहोत?"

मामा पेशाने इंजिनिअर. गाड्यांचे रंग वाळवायच्या भट्ट्या तयार करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी काढली. गरम, कोरडी हवा सोडून रंग जितका लवकर वाळेल तितकं बरं, हा त्यांचा धर्म होता, आणि तो ते घरीही पाळायचे. मामींनी फरशी पुसली की मामा पंखा घेऊन मागे हजर. असा माणूस निवृत्तीनंतर जपानी लाखेच्या डब्यांच्या नादी लागावा हा दैवाचा विनोदच म्हणायचा, कारण ही लाख म्हणजे एका झाडाचा चीक, आणि तो चीक कोरड्या हवेत वाळतच नाही. त्याला दमट कपाटात ठेवावं लागतं, मग तो हळूहळू घट्ट होतो. एक थर झाला की घासायचा, मग दुसरा, मग तिसरा, असे महिनोन्‌महिने. हे मामांना कळलं तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवायला आले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर मी रंग भाजले. ही माणसं रंग उकडतात. मोदकासारखा."

हा नाद कुठून लागला ते सांगायला हवं. मामांच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजी राहायच्या. ड्युसेलडॉर्फमध्ये जपानी माणसं पुष्कळ, पण या आजी कोणात फारशा मिसळत नसत. त्यांनी एका नवीन वर्षाला मामींना एका काळ्याभोर डब्यातून काहीतरी गोड पाठवलं. डबा वितीएवढा, चौकोनी, झाकणावर सोन्याच्या भुकटीने काढलेली गवताची चार पाती आणि त्यामागे अर्धवट लपलेला चंद्र. आता आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही मामींची शिकवण. त्यांनी चकल्या भरून पाठवल्या. पण जपानी आजींच्याही घरी नेमकी तीच शिकवण असावी, कारण काही दिवसांनी डबा पुन्हा वर आला, भरलेला. मग तो जिन्यावरून वर आणि खाली असा वर्षानुवर्षं फिरत राहिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींचं जर्मन ‘गेनाऊ’च्या, म्हणजे ‘बरोबर’च्या, पुढे जात नव्हतं, पण हा व्यवहार एकदाही चुकला नाही.

मामींचा एकच दोष होता, तो म्हणजे निघायला उशीर. सगळे बूट घालून दारात उभे, गाडी चुकायची वेळ, आणि मामी म्हणणार, "आलेच हं, शेगडी बंद आहे का बघते." मग स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत राहायचा. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं दारात येऊन उभी राहिली, आणि त्यांनाही मामींनी "आलेच हं" म्हटलं. त्या जर्मन माणसांना ते कळलं नाही, पण मामींचा स्वर असा होता की ती थांबली. मामी आत गेल्या. नारळाच्या वड्या करून खाली पाठवायच्या म्हणून तो काळा डबा धुऊन, पुसून ओट्यावर ठेवला होता. वड्या व्हायच्या होत्या. मामांनी दारातून एवढंच ऐकलं, की त्या डब्याचं झाकण बसलं. मग मामी बाहेर आल्या आणि गेल्या. परत आल्या नाहीत.

त्या झाकणाचा आवाज ही काय चीज आहे ते ज्याने ऐकलं नाही त्याला सांगणं कठीण. हे डबे इतके काटेकोर घडवलेले असतात, की झाकण नुसतं वर टेकवून हात काढून घ्यायचा. मग ते आपल्या वजनाने, अगदी सावकाश, एकटंच खाली उतरत जातं, आणि आतली हवा फटीतून बाहेर पडताना एक लांब सुस्कारा ऐकू येतो. झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाचा असतो तसा.

मामांनी तो डबा उघडला नाही. आत मामींच्या हाताने कोंडलेली त्या सकाळची हवा आहे, असं त्यांचं म्हणणं. मी पंपांची सीलं बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. रबर न लावता बसवलेलं कुठलंही झाकण हवा धरून ठेवत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण हे मी मामांसमोर कधी बोललो नाही. बायकोने मला तसं बजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने बजावलं नसतं तरी माझी जीभ रेटली नसती.

त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, घर गरम करणारं हायत्सुंग सुरू झालं त्या दिवशी, डबा ‘टिक्’ असा वाजला. मामा घाबरले. कोरड्या गरम हवेत लाकूड आकसतं आणि वरची लाख तडकते हे त्यांना कळलं तेव्हा ते तडक राइनकाठच्या एका लहान गावातल्या म्युझियममध्ये गेले. तिथे जपानी लाखेच्या डब्यांचा मोठा संग्रह आहे. पत्रांचे डबे, कंगव्यांचे, उदाचे, खाण्याचे. मामांनी तिथल्या मुख्य बाईंना विचारलं, की डबा न उघडता डबा जिवंत कसा ठेवायचा? असला प्रश्न बाईंना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी मामांना बसवून घेतलं, कॉफी दिली, आणि तेव्हापासून मामा तिथे एरेनआम्ट करतात, म्हणजे बिनपगारी, मानाचं काम. मान कसला, तर तळघरात बसून कपाटांमधला दमटपणा बघायचा आणि डबे पुसायचे. बाई मामांवर इतक्या खूश आहेत, की आता त्याही टकटक करून डबा उघडतात. शास्त्रीय कारण विचारलं तर विषय बदलतात.

मामांनी मला एकदा त्या तळघरात नेलं. मी पुन्हा जाणार नाही. वर नोव्हेंबरची दुपार, तीही दिवेलागणीसारखी, आणि खाली करड्या कपाटांच्या रांगा. आवाज म्हणावा तर कुठलाच नाही. मामांनी हातमोजे चढवले, एक डबा टेबलावर आणला, टकटक केली, थांबले, उघडला. आत काळोख होता. म्हणजे आतून काळा रंग होता असं मला म्हणायचं आहे, पण तळ कुठे आहे हे काही केल्या कळेना. मी वाकून झाकणात पाहिलं तर माझा चेहरा दिसला आणि माझ्या खांद्यामागे मान खाली घातलेलं कोणीतरी. मामा असतील म्हणून वळलो, तर मामा टेबलाच्या पलीकडे, माझ्यासमोर. मागे कपाटाचं अर्धवट उघडं दार. बहुधा तेच. "फार वेळ बघू नका," मामा अगदी सहज म्हणाले. "थरांवर थर आहेत. खालच्या थरांत कोण कोण राहून गेलंय, आपल्याला काय ठाऊक." मग त्यांनी झाकण टेकवलं आणि हात काढून घेतला. ते खाली उतरलं, सुस्कारा संपला, मी श्वास सोडला. आणि मग कुलूप लावलेल्या कपाटातून तसाच दुसरा सुस्कारा आला. मी दचकून कपाटाकडे वळलो. मामांनी मात्र मानही वर केली नाही. "ती वरच्या फळीवरची," ते म्हणाले. "तिला नेहमी उशीर होतो."

घरी तर विचारू नका. ज्या खोलीत मामींचा डबा, त्या खोलीत हायत्सुंग बंद, दोरीवर ओले टॉवेल, बशांमधून पाणी, आणि भिंतीवर दमटपणा मोजायचं घड्याळ. पाहुण्यांनी कोट घालूनच जेवायचं. डबा जेवणाच्या टेबलाशेजारच्या फळीवर, मामींच्या खुर्चीच्या बरोबर वर. जेवताना बोलता बोलता मामा मध्येच हात वर करतात आणि विचारतात, "ऐकलंत?" आणि आपण ऐकलेलं असतं, हीच तर पंचाईत. शेजारच्या खोलीतली ऊब आली, की आतली हवा फुगते, झाकण केसभर उचललं जातं, ऊब गेली की सुस्कारा टाकून खाली बसतं. हे सगळं मामा गणित मांडून समजावतात. इंजिनिअर आहेत, गणित अचूक असतं. मग भाताचा घास कालवत म्हणतात, "आल्झो, म्हणजे असं सगळं आहे ते. फक्त आज सकाळपासून सगळीकडचं हायत्सुंग बंद आहे." माझी मुलगी पहिल्यांदा तिथे जेवली तेव्हा शांतपणे म्हणाली, "दी शाख्टेल आट्मेट." डबा श्वास घेतोय. मराठी तिला सगळं समजतं, पण असल्या गोष्टी ती जर्मनमध्येच सांगते, आणि जर्मनमध्ये सांगितलेली गोष्ट उगाचच खरी वाटते.

जर्मन माणूस एक वेळ उपाशी राहील, पण खिडक्या उघडून घरात हवा खेळवल्याशिवाय राहणार नाही. मामांच्या बंद खिडक्यांची कुजबुज होऊन एक दिवस इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर भिंतीला बुरशी आली आहे का ते बघायला आला. चांगला दांडगा गृहस्थ. बुरशी नव्हती. तरी त्याने खिडकी उघडायला हात लावला, तेवढ्यात मागून सुस्कारा आला. त्याने वळून आधी मामांकडे, मग माझ्याकडे, मग फळीकडे पाहिलं. हात खाली घेतला. हल्ली तो काही कामाने आला तर आत शिरताना फळीच्या दिशेने मान लववून ‘गूटेन टाग’ म्हणतो.

हे असंच चाललं असतं. पण मामी गेल्यानंतर खालच्या जपानी आजी घरात पडल्या आणि त्यांच्या मुलीने त्यांना एर्लांगेनला, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेलं होतं. या हिवाळ्याच्या तोंडाशी त्या मुलीचा मामांना फोन आला. आई आता बरंच काही विसरली आहे, ती म्हणाली. पण रोज विचारते, वरच्या मजल्यावरून डबा आला का? पुढच्या रविवारी मी ड्युसेलडॉर्फला येणार आहे, तर घेऊन जाऊ का?

मामा फोनवर "जा, जा, नक्की" म्हणाले आणि मग खुर्चीत बसून राहिले. डबा आजींचा, तो द्यायला हवा, यात प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो आत काय आहे हा. वड्या झाल्या नव्हत्या. म्हणजे डबा रिकामा असणार. रिकामा परत गेला तर मामींच्या नावाला बट्टा, तोही त्या गेल्यावर, जेव्हा त्यांना तो पुसता येणार नाही. आत काही घालायचं तर उघडायला हवं, आणि उघडला की ती सकाळ गेली. तो सगळा आठवडा मामा वाटीत साखर घेऊन त्या फळीसमोर उभे राहायचे. बोट उचलायचे, टकटक न करताच खाली घ्यायचे. बायकोने सुचवलं, की लाडवांचा वेगळा पुडा करून वर बांधून देऊ. मामा म्हणाले, "पुडा पुड्याच्या जागी. डबा डब्याच्या जागी." त्या आठवड्यात डबाही गप्प होता. एकदाही वाजला नाही. खरं सांगतो, मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली.

रविवारी दुपारी ती मुलगी आली. मुलगी म्हणजे पन्नाशीची बाई, शांत, जपून बोलणारी. मी आणि बायको आधाराला गेलो होतो. तिने चहा घेतला, मामींच्या फोटोसमोर वाकून नमस्कार केला. मामा उठले. साखरेची वाटी टेबलावर तशीच होती. ते फळीपाशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग वळले तेव्हा डबा दोन्ही हातांत होता, बंद.

"मामा, साखर," माझी बायको हळूच म्हणाली.

"नको," मामा म्हणाले. "अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना दारात उभं करून गेली होती ती आत. तुझी मामी रिकाम्या डब्यावर झाकण लावणारी बाई नव्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि हवेचं म्हणाल तर ती पहिल्याच आठवड्यात गेली असणार, जावईबापू. तुम्ही बोलत नाही म्हणून मला कळत नाही असं नाही."

त्या बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत नेऊन मान लववली, आणि उघडून न बघता रुमालात बांधला. देणाऱ्यासमोर उघडायचा नसतो, आईने शिकवलंय, असं त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर मामांनी खोलीतले टॉवेल काढले आणि हायत्सुंग लावलं. मामी गेल्यापासून त्या घरात कोट काढून जेवलो ते हे पहिलंच जेवण. कोणालाच जेवण गेलं नाही.

काही दिवसांनी माझं एर्लांगेनला काम निघालं. त्या बाई मला स्टेशनवर भेटायला आल्या, हातात तोच रुमाल, तोच डबा. आईने पाठवलाय, म्हणाल्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. आईने डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि नाक आत घालून बसून राहिली. आत एका कागदाच्या घडीत चमचाभर साखर होती आणि दोन वेलदोडे. आईने साखर तिथल्या तिथे खाल्ली. मग म्हणाली, आता आपली पाळी. "तिने त्या दिवशी मला नावाने हाक मारली," एवढं बोलून त्या बाई रुळांकडे बघत राहिल्या. मीही रुळांकडेच बघत राहिलो.

परतीच्या गाडीत मी डबा मांडीवर धरून बसलो होतो. फ्रांकफुर्टच्या पुढे बोगदे लागतात आणि गाडी बोगद्यात शिरली की कानांत दडे बसतात. हवेचा दाब बदलतो, त्यात गूढ काही नाही. प्रत्येक बोगद्यात रुमालाखालचं झाकण उचललं जायचं, बाहेर आलो की सुस्कारा टाकून बसायचं, आणि दर खेपेला भाजलेल्या तांदळाचा वास यायचा, त्याच्या मागून, जरासा उशिराने, वेलदोड्याचा. समोरचा जर्मन गृहस्थ आधी माझ्याकडे बघत होता, मग डब्याकडे, आणि शेवटी उठून दुसऱ्या डब्यात जाऊन बसला. मी एक हात झाकणावर ठेवून हलकेच थोपटत होतो, हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

मामांनी डबा टेबलावर ठेवला, टकटक केली, मान तिरकी करून थांबले. मग उघडला. आत तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, आणि कोपऱ्यात ते दोन वेलदोडे, आजींनी तसेच परत पाठवलेले. मामांनी त्यातला एक नाकाशी धरला. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, बघवलं नाही. थोड्या वेळाने ते नाक पुसून म्हणाले, "नारळाच्या वड्यांना किती वेळ लागतो हो?"

पहिल्या वड्या करपल्या. भट्टीवाल्याचा हात, त्याला मंद आच ठाऊकच नाही. दुसऱ्या खेपेच्या सैल झाल्या. तिसऱ्या खेपेला, बायको फोनवरून ओरडत असताना, जमल्या. मी त्या दिवशी संध्याकाळी गेलो तेव्हा मामा वड्या मांडत होते. त्यांनी वेलदोडे पुन्हा कोपऱ्यात ठेवले, झाकण टेकवलं आणि हात काढून घेतला. ते सावकाश उतरत गेलं, सुस्कारा टाकून बसलं.

आणि मग मामींच्या खुर्चीच्या वरून, जिथे आता डबा नव्हता, काहीच नव्हतं, त्या रिकाम्या फळीवरून तसाच दुसरा सुस्कारा आला, सावकाश आणि लांब.

मी मामांकडे पाहिलं. ते रुमालाची गाठ मारत होते.

"तिला नेहमी उशीर होतो," ते म्हणाले, आणि निघायची घाई नसल्यासारखे खुर्चीत बसून राहिले. मीही बसलो.